आठ हंसांची बरणी

हातातला मग त्या काउंटरवर ठेवा. हो, तोच, भाचीचा फोटो छापून घ्यायला नाशिक रोड स्टेशनजवळच्या दुकानात आणलात तो. दुकानदारानं फोटोचा कागद मगाभोवती गुंडाळलाय, चिकटपट्टी लावलीय आणि मग यंत्रात अडकवलाय. तीन-चार मिनिटांत यंत्र कोकलेल. तेवढ्यात कागदावरची शाई तापून तिची वाफ होईल, मगावरच्या लेपात शिरेल, आणि भाची कायमची तिथं हसत राहील. शेजारच्या फळीवर असेच शंभर मग आहेत, सगळे एका मापाचे, एका गोलाईचे. कुणाचाही फोटो आणा, बसणारच.

यंत्र कोकलायच्या आत आपण जाऊन येऊ. हेच काम हातानं कसं होत होतं ते तुम्हाला दाखवायचंय. नुसतं दाखवायचं नाही, करायला लावायचंय. साल १८७९, हिवाळा.

मोबाइल ठेवा, घड्याळ काढा. डोक्यावर काहीतरी घ्या. उघडबोडकं हिंडलात तर घरात कुणी गेलं का म्हणून लोक विचारतील. बाई असाल तर नऊवारी नेसा आणि बायकांच्या डब्यात जागा धरा. बरोबर भाकरी, लसणाची चटणी, कांदा आणि चार पेरू बांधून घ्या. वाटेत कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या हातचं नाही, यावर डब्यात वाद होतील, आणि त्यात पडायची तुमची तयारी नाही.

पाय टेकले? मग आजूबाजूला बघा. दुकान नाही, पूल नाही, रिक्षा नाही. स्टेशनची बसकी इमारत, भोवती शेतं, आणि धुळीत उभे असलेले टांगे. गाव इथून काही कोसांवर, त्यामुळे टांगेवाल्यांचा भाव चढा आणि आवाज त्याहून चढा. घोड्यांच्या लिदीचा, ओल्या गवताचा आणि कोळशाच्या धुराचा वास एकत्र नाकात जातो. गाडीतून उतरलेल्या यात्रेकरूंना तीर्थोपाध्यांनी घेरलंय. ‘गाव कोणतं? आडनाव काय? आजोबा कधी आले होते?’ तुम्ही चुकून आडनाव सांगितलंत, तर एक जण लगेच वही उघडेल आणि तुमच्याच पणजोबांचं नाव वाचून दाखवेल. सांगू नका. आपली गाडी चुकेल.

गाडीची वेळ विचारलीत तर दोन उत्तरं मिळतील. स्टेशनातलं घड्याळ मद्रासच्या वेळेवर चालतं, कारण सगळ्या आगगाड्या त्याच वेळेनं धावतात. बाहेर टांगेवाला सूर्याकडे बघून बोलतो. दोघांमध्ये अर्ध्या तासाचा फरक. टांगेवाल्यावर विसंबून आलेले एक आजोबा आत्ताच फलाटावर कपाळाला हात लावून बसलेत.

गाडी खानदेशाकडून येते ती आधी ऐकू येते, मग वासानं कळते, मग दिसते. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात चढा. चढा म्हणजे काय, ढकलले जाल. लाकडी बाकं, बाकांवर माणसं, बाकांखाली गाठोडी, गाठोड्यांवर पोरं. कुणाच्या तरी पिशवीत खारवलेलं काहीतरी आहे, कुणाच्या डोक्याला खोबरेल, कुणाच्या तोंडात तंबाखू. शौचाची सोय डब्यात नाही. ती स्टेशनवर, गाडी थांबली तर आणि तुमच्यासाठी थांबली तर. खिडकीतून डोकं बाहेर काढू नका. इंजिनातली किटाळं थेट डोळ्यांत येतात.

कोपऱ्यात बसलेल्या त्या मुलाकडे बघा. असेल एकोणीस-वीस वर्षांचा. अंगात मळका कोट, बोटांच्या नखांत निळा रंग, आणि मांडीवर पत्र्याचं लांब नळकांडं. गर्दीत पाय तुडवले गेले तरी तो काही बोलला नाही. नळकांड्याला मात्र कुणाचा कोपर लागू देत नाही.

विचारा त्याला.

‘अहो, यात काय दारूगोळा आहे काय?’

‘हंस आहेत,’ तो म्हणतो.

पोरगा मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई स्कूल ऑफ आर्टचा. तिथले ग्रिफिथ्स साहेब १८७२ पासून हिवाळ्यात विद्यार्थ्यांची टोळी घेऊन अजिंठ्याला जातात आणि लेण्यांतली चित्रं कापडावर उतरवून आणतात. पेस्तनजी बोमनजी त्यातलेच एक. उद्याचे नामांकित चित्रकार. आपला हा पोरगा मात्र त्या टोळीतला हरकाम्या. पाचोऱ्यापर्यंत बैलगाडी, तिथून आगगाडी. लेण्यात वटवाघळांच्या घाणीचा वास एवढा, की घरी आल्यावर आई अंगणातच आंघोळ घालते म्हणतो. छताची चित्रं उतरवायची म्हणजे माचाणावर पाठ टेकून झोपायचं आणि रंगाचे थेंब तोंडावर झेलायचे. दुसऱ्या लेण्याच्या छतावर हंसांचं एक वर्तुळ आहे. तेवीस हंस, आणि एकासारखा दुसरा नाही. कुणी मान वळवलीय, कुणी पंख उचललाय, कुणी चोचीनं पाठ खाजवतोय. त्यातले काही त्यानं तेलकट पातळ कागदावर गिरवून आणलेत.

‘आता हे कुठं लावणार?’

‘भिंतीवरचे काढले, ते मडक्यावर बसवायचे.’

समोरच्या बाई हसतात. त्या नाशिकच्या, तांबट आळीजवळच्या. त्यांच्या घरात घंगाळ, कळशी, तपेलं, सगळं तांब्या-पितळेचं. मातीचं भांडं म्हणजे पाण्याचा माठ आणि दह्याचं गाडगं. ते विटलं की फोडायचं. ‘मडक्यावर चित्र काढायचं आणि मग त्यात जेवायचं? आणि खरकटं झालं की फेकायचं?’ पोरगा गप्प. खरं उत्तर त्यालाही ठाऊक आहे: त्यात कुणीच जेवत नाही. ती साहेबांच्या बंगल्यात आणि शेटजींच्या दिवाणखान्यात जाऊन बसतात, किंवा पेटीत गवत भरून विलायतेच्या प्रदर्शनाला निघतात.

इगतपुरी आली. इथं सगळे खाली उतरतात, पाणी पितात, पाय मोकळे करतात. तुमचे पेरू काढा. पोराला एक द्या. पुढं थळ घाट. सदतीस फुटांना एक फूट असा उतार, तेरा बोगदे, आणि मध्येच एका जागी गाडी थांबते, इंजिन पुढून सुटतं, मागे जाऊन जोडलं जातं आणि गाडी उलट्या तोंडानं चालू लागते. नव्यानं बसलेल्याला वाटतं आपण परत नाशिकला निघालो. बोगद्यात शिरताच सगळा डबा एकदम खोकतो, पोरं किंचाळतात, कुणीतरी मोठ्यांदा विठ्ठलाचं नाव घेतं. धूर आत कोंडतो. बाहेर आल्यावर सगळ्यांची तोंडं काळी. ही काजळी जरा लक्षात ठेवा, पुढं तिच्या सख्ख्या बहिणीशी तुमची गाठ आहे.

एहेगावच्या पुलावरून गाडी हळू जाते. खाली बघायचं धाडस असेल तर बघा. खोल दरी आहे. कसाऱ्याला हवा जड होते. कल्याणपासून घाम. संध्याकाळी बोरीबंदर.

तुमच्या ओळखीचं ते दगडी, घुमटाचं स्टेशन शोधू नका. ते अजून पायातच आहे. खोदकाम, दगडांचे ढीग आणि टाकीचे घाव. तुम्ही उतरलात ते साध्या फलाटावर. बाहेर घोड्यांची ट्राम घंटा वाजवत रुळांवरून जाते, हमाल तुमचं गाठोडं तुम्हाला न विचारता उचलतो, दिवाबत्तीवाला खांद्यावर शिडी घेऊन वायूचे दिवे पेटवत फिरतो. समुद्राचा खारा वास, कापसाच्या गठ्ठ्यांचा कोंदट वास, आणि क्रॉफर्ड मार्केटजवळ आलात की फळांचा, कोंबड्यांचा आणि मासळीचा एकच लोट. मार्केटच्या दारावरची दगडी चित्रं बघितलीत? ती लॉकवुड किपलिंग साहेबांची. त्यांनी समोरच्या शाळेत दहा वर्षं कोरीवकाम शिकवलं आणि चार वर्षांपूर्वी लाहोरला गेले. त्यांचा मुलगा रुडयार्ड याच आवारात जन्मला.

आज रात्री धर्मशाळेत झोपा. डास आहेत. सकाळी कामाला लागायचंय.

शाळेची नवी इमारत कोरी आहे, पण आपल्याला तिच्या मागं जायचंय, जिथून धूर येतो तिथं. आवारात एका छपराखाली कुंभारकाम. पहिली गोष्ट अंगावर येते ती ओल्या मातीचा गारवा, दुसरी भट्टीची धग, आणि दोन्हींच्या मध्ये चार हात जागा, तिथं तुम्हाला बसायचंय.

चाकावर बसलेले उस्ताद सिंधचे. शाळेतलं हे कुंभारकाम बघणाऱ्या टेरी साहेबांनी तिकडचे कसबी कुंभार मुद्दाम आणवलेत, कारण काचेचा चकचकीत मुलामा आपल्याकडच्या कुंभाराच्या कामात नव्हता. गावाकडचा आपला कुंभार दांडीनं चाक गरगरा फिरवतो आणि ते मंद व्हायच्या आत भांडं उतरवतो. हे उस्ताद खड्ड्यात पाय सोडून बसतात आणि पायानंच खालचं चाक ढकलत राहतात, त्यामुळे दोन्ही हात मोकळे आणि घाई नाही. ते सिंधी बोलतात, पोरं मराठी आणि गुजराती, टेरी साहेब इंग्रजी. काम हिंदुस्थानीत आणि हातवाऱ्यांत चालतं.

माती आधी तुम्ही तुडवणार. धोतर वर खोचा. थंडगार चिखल बोटांच्या फटींतून वर येतो, तळपायाला खडा लागला की थांबायचं, वाकायचं, काढून फेकायचा. एक खडा राहिला तर भट्टीत भांडं फुटेल आणि शेजारची चार घेऊन फुटेल. अर्ध्या तासात पोटऱ्या भरून येतात. उस्ताद येतात, एक गोळा तोडतात, चिमटीत चोळतात, मान हलवतात. अजून तुडवा.

मग चाकावर बरणी उठते. मधोमध खड्डा पडतो, भिंत वर चढते, पोट फुगतं, खांदा वळतो, मान आवळली जाते. दोऱ्यानं बुडाशी कापून उस्ताद ती बाजूला ठेवतात. दुसरी. तिसरी. सारख्या वाटतात ना? जवळ जा. पहिलीचा खांदा जरा उतरता, दुसरीचं पोट बोटभर जास्त, तिसरी किंचित डावीकडे कललेली. हाताची भांडी आहेत. तुमचं सगळं दुखणं यातूनच सुरू होणार आहे.

भांडी सुकली, त्यांना पांढऱ्या मातीचं अस्तर लागलं, एक भाजणी झाली. यात दिवस गेले. काळाशी खेळतोच आहोत, तर मधले दिवस मी गाळले. आता तुमच्यापुढं पांढरी, कोरडी, खरखरीत बरणी आहे. बोट फिरवलं की बोटाला पीठ लागतं. पोरगा नळकांडं उघडतो.

हंसांचा कागद घडीच्या कापडावर पसरा. ही सुई, लाकडी मुठीत बसवलेली. हंसाच्या रेषेवरून टोचत जायचं, टोचे जवळजवळ आणि सारख्या अंतरावर. सरळ उभी सुई. तिरकी धरलीत तर भोक लांबट पडतं आणि रेषा जाडी होते. चोचीपाशी टोचे दाट, पाठीच्या लांब वळणावर विरळ. डोळ्याला फक्त तीन. जास्त टोचलंत तर कागदाचा डोळाच गळून पडेल. पहिल्या हंसाला सकाळ जाते. मान आखडते, अंगठ्याला मुठीचा वळ उठतो.

आता पुरचुंडी. मलमलीच्या फडक्यात लोणारी कोळशाची वस्त्रगाळ पूड बांधलेली. हीच ती बोगद्यातल्या काजळीची बहीण. टोचलेला कागद बरणीवर धरायचा आणि वरून पुरचुंडीनं थोपटायचं. पूड भोकांतून खाली उतरते, कागद उचलला की ठिपक्यांचा हंस. दिवाळीत भोकांच्या छापावरून रांगोळी काढलेल्या कुणालाही हे कळेल. पण रांगोळी सपाट अंगणात असते. इथं अंगणच गोल आहे.

धरा कागद. पाठ टेकली तर शेपूट उचलली जाते. शेपूट दाबलीत तर मान फुगते. पोटाशी कागद बसतो, खांद्याशी त्याला चुणी पडते, आणि चुणीत हंसाचा पाय गायब. पोरगा तुमच्या हातून कागद घेतो, कात्रीनं वरच्या कडेला चिरा देतो आणि पाकळ्या एकमेकींवर सरकवून खांद्यावर चापून बसवतो. ‘थोपटा. घासू नका. घासलंत की ठिपक्याची रेघ होते आणि रेघेचा डाग.’

थोपटा. पूड उडते, नाकात जाते. शिंक आली तर तोंड फिरवा! फिरवलंत नाही ना? पुसा आता अस्तरासकट, आणि पुन्हा.

पहिला हंस उतरला. मोठा आनंद झाला असेल, पण अजून खरा हिशोब राहिलाय. बरणीच्या खांद्याभोवती हंसांची रांग करायची आहे. कागदावरच्या हंसाची लांबी ठरलेली. या बरणीचा घेर त्या लांबीनं भागला तर साडेसात येतात. अर्धा हंस कुठल्या लेण्यात नाही.

उस्ताद एक कागदी पट्टी घेतात, बरणीच्या खांद्याभोवती गुंडाळतात, जादा भाग फाडतात. पट्टी मध्ये दुमडतात, पुन्हा दुमडतात, पुन्हा. उलगडली की आठ सारखे भाग. घड्यांच्या खुणा कोळशानं बरणीवर करतात. ना मोजपट्टी, ना आकडा. आठ हंस बसवायचे, म्हणजे प्रत्येकानं थोडं आकसायचं. पण छापाचा हंस आकसत नाही. मग करायचं काय, तर छाप फक्त चोच, मान आणि पाठ एवढ्यापुरता थोपटायचा आणि शेपूट हातानं आखूड काढायची. दुसऱ्या बरणीला घेर जास्त, तिथं त्याच हंसाची शेपूट लांब होईल. कागद एक, हंस प्रत्येक बरणीवर निराळा.

आणखी एक गंमत. पाचव्या हंसाला तुम्ही कागद उलटा धरलात. पूड पडली, कागद उचलला, आणि हा गडी उलट दिशेला निघालेला, चौथ्याच्या तोंडाला तोंड. पोरगा हसतो. पुसून टाकायला फडकं घेतो, मग थांबतो. मागच्याकडे बघतो, पुढच्याकडे बघतो. ‘राहू दे. तिथंही हे सगळे एका दिशेला बघत नाहीत.’ कागद दोन्ही बाजूंनी चालतो, हे तुम्ही आज शिकलात. ज्या बाजूनं पूड लागली असेल ती भांड्याकडे येणार नाही, एवढंच सांभाळायचं.

आता कुंचला. ठिपके फक्त वाट दाखवतात, चालायचं तुम्ही. गडद तपकिरी रंगात टोक बुडवा आणि ठिपक्यांवरून रेषा ओढा. कोरडं अस्तर रंग लगेच शोषतं. थांबलात की गाठ पडते, पुसता येत नाही. श्वास धरून एका दमात मान उतरवायची. कुंचल्याचं टोक फाटलं म्हणून ओठांत धरून टोकदार करायची सवय असेल, तर इथं करू नका. या छपराखाली शिसं आहे, मुरदाडशिंग आहे. पोटात गेलं तर ते हळूहळू माणूस खातं. शेजारचा पोरगा मात्र सरळ जिभेवर टोक फिरवतो. त्याला सांगून उपयोग नाही, सगळेच करतात.

पिसांना निळा, तो कोबाल्टचा. आत्ता तो करडा, मळकट दिसतो. पानांना हिरवा, तो तांब्याचा. तांबं लाल तापवून ठोकलं की त्यावरून काळी खपली सुटते, तीच कुटून वाटलेली. गाडीतल्या बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, अगंबाई, ही तर आमच्या आळीतली राख! काळ्या खपलीतून हिरवं पान निघणार यावर तुमचा विश्वास बसत नाही. बसवून घ्या. इथं रंगवणारा डोळ्यांना दिसतं ते रंगवतच नाही, भट्टीनंतर दिसणार असतं ते रंगवतो.

आठ हंस, मधून कमळं, खाली वेल. पाठ मोडून आली. तुम्ही मागे सरकून बघता आणि तेवढ्यात उस्ताद बरणी उचलतात आणि तिच्यावर दुधासारखं काहीतरी ओततात. ओरडू नका. दळलेली काच, शिसं आणि चिकटपणाला खळ. हाच तो मुलामा. पण तुमचं सगळं चित्र त्याखाली गेलं. हंस नाहीत, कमळं नाहीत; चुन्यात बुडवल्यासारखी एक आंधळी बरणी. आणि आता ती भट्टीत जाणार.

भट्टीत भांडी रचणं ही निराळी विद्या. प्रत्येकाखाली मातीची तीन टोकांची तिपाई, नाहीतर मुलामा वितळून भांडं फरशीला चिकटतं. एकाचा दुसऱ्याला स्पर्श नको. दार विटा-मातीनं लिंपलं की बाभळीची लाकडं लागतात. आधी धीमा जाळ, ओल निघेपर्यंत. मग वाढवत न्यायचा. रात्री छपराखाली कुणी झोपत नाही. धग तोंडावर, गार वारा पाठीवर. कुणीतरी शेंगा भाजतो. उस्तादांच्या गावच्या गोष्टी, पोरांच्या लेण्यातल्या भुतांच्या गोष्टी, मध्येच बाभळीचा ओंडका फुटल्याचा आवाज आणि ठिणग्यांचा फवारा. भोकातून आत बघा, पण डोळ्यांवर हात धरून: लाल, मग नारिंगी, मग पिवळट. उस्ताद लोखंडी सळईनं नमुन्याचं एक खापर बाहेर ओढतात, गार करून दिव्यापाशी धरतात. काच अजून पुरी वितळली नाही. आणखी लाकूड. दुसरं खापर. आता त्यात दिव्याची ज्योत दिसते. बास, जाळ बंद.

आणि मग सगळ्यांत अवघड काम: काही न करणं. भट्टी गार होईपर्यंत दार उघडायचं नाही. घाई केली तर थंड हवा लागून सगळी तडकतील.

तेवढ्या वेळात बाजारात चक्कर मारा. काचसामानाच्या दुकानात विलायती बश्यांची चळत आहे, पांढऱ्यावर निळं चित्र: झुकलेलं झाड, पूल, पुलावर माणसं, वर दोन पक्षी. एक उचला, दुसरी उचला. दोन्हींवर झाडाची तीच फांदी, पुलावर तीच माणसं, तीच त्या तिथं. हे स्टॅफर्डशरच्या कारखान्यांचं काम. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरतात, खाचांत रंग भरतात, पातळ कागदावर छाप घेतात आणि ओला कागद बशीवर घासून बसवतात. कागद धुऊन टाकला की रंग बशीवर राहतो, वरून मुलामा. इंग्लंडात शंभरांहून अधिक वर्षं हेच चाललंय. दुकानदार सांगतो, एक फुटली तर काळजी नको, जोडीची दुसरी मिळेल. तुमच्या बरणीबद्दल असं कुणी सांगू शकणार नाही.

चला, दार फोडताहेत. विटा अजून कोमट आहेत. आतून बारीक आवाज येतोय, टिंग, टिंग. गार होताना मुलामा मातीपेक्षा जास्त आकसतो आणि त्याला केसासारख्या चिरा पडतात. एक बरणी फुटलीय. तिच्यातला खडा कुणाच्या पायाखालून निसटला, हे उस्ताद विचारत नाहीत, फक्त तुमच्या पायांकडे बघतात. दोन डागाळल्या. मग तुमची निघते. फडक्यानं पुसा.

निळा खरंच निळा झालाय. काळ्या खपलीतून पानं हिरवीगार. कोळशाचा एकही ठिपका नाही. तो पहिल्याच तापात जळून गेला. उरलीय ती तुमच्या हाताची रेषा, जिथं तुम्ही श्वास सोडलात तिथं किंचित जाड. बरणी फिरवा. एक, दोन, तीन, चार, उलटा पाचवा, सहा, सात, आणि आठवा जरा दाटीवाटीनं बसलेला, शेपूट अगदीच बोटभर. टेरी साहेब येतात, बरणी उचलतात, फिरवतात, आठव्यापाशी थांबतात, आणि काही न बोलता ती चांगल्या मालाच्या फळीवर ठेवतात. याच कामाला ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ हे नाव मिळालं, आणि जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० साली हिंदुस्थानच्या कारागिरीवर लिहिलेल्या पुस्तकात त्याची नोंद घेतली.

बरणी तुम्हाला नेता येणार नाही. परतीचं भाडं मी भरलंय, तिचं नाही.

आता हिशोब. लेण्यातला चित्रकार, माचाणावरचा पोरगा, सुई, पूड, गोल पोट, आंधळा मुलामा, आग. दर टप्प्यावर हंस थोडा बदलला. ज्यांनी नक्कल हुबेहूब व्हावी म्हणून वर्षं घालवली, त्या अजिंठ्याच्या कापडी चित्रांचं काय झालं, माहीत आहे? लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात ठेवलेली त्यांतली बरीचशी १८८५ च्या आगीत जळाली. आगीतूनच जन्मलेली भांडी टिकली. त्यांतली काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, आणि मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टची भांडी भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातही आहेत.

छापील मगाला मी नावं ठेवत नाही. भाचीचा फोटो हुबेहूबच हवा. पण यंत्र चित्र उतरवतं, तेव्हा भांड्याला काही विचारत नाही, कारण त्याला सगळी भांडी सारखीच लागतात. हातानं उतरवणाऱ्याला प्रत्येक भांड्याला विचारावं लागतं: तुझ्यावर किती हंस मावतील? ते विचारणं हीच ती कारागिरी. बाकी सगळं कोळशाची पूड.

पुढच्या वेळी मुंबईला गेलात की भायखळ्याला उतरा. संग्रहालयात मातीच्या भांड्यांच्या कपाटापुढं उभे राहा आणि नक्षीचा जोड शोधा, जिथं रांग सुरू होते आणि संपते. तिथं एखादं फूल दाटीत बसलेलं किंवा एखादं पान आखूड दिसलं, तर ती चूक समजू नका. कुणीतरी कागदाची पट्टी दुमडून, मान मोडून, तिथली जागा जुळवली आहे.